वकिलाची बाजू

संगीतावर प्रेम करणे आणि संगीतावरून भांडणे या दोन गोष्टी आमच्या इंदुरात कधी वेगळ्या मानल्या गेल्या नाहीत. आमच्या लहानपणी घरोघरच्या बैठकींत उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित ख्यालाचे उपासक एका भिंतीला टेकून बसत आणि देवासच्या कुमार गंधर्वांचे चाहते समोरच्या भिंतीला. चहा निवून जाई, मंडळींचा आवाज चढे, क्वचित कोणी रागावून चपला घालून निघूनही जाई. पण कोणाचे मत बदलल्याचे आम्हांस स्मरत नाही. तरीही पुढच्या बैठकीला तीच मंडळी त्याच भिंतींना टेकून बसलेली दिसत. त्या वयात आम्हांला याचे नवल वाटे. पुढे उमगले की ज्याचे मत पटत नाही, त्याच्या समोर बसले म्हणजे गाणे अधिक बारकाईने ऐकले जाते.

हा वारसा आम्ही चौघा मित्रांनी उचलला, मात्र तो भलत्याच ठिकाणी खर्च केला. जवळजवळ चार दशके आम्ही वाद घातला तो जेथ्रो टल नावाच्या एका इंग्रज बँडच्या अल्बमांवरून. या नियतकालिकाच्या वाचकांपैकी काहींना हे नाव ठाऊक असेल, पुष्कळांना नसेल. आमच्या घरांत भजन, नाट्यगीत आणि ख्याल यांच्या शेजारी हे वाद्यवृंदाचे विलायती भूत कसे शिरले, असे वडीलधाऱ्यांनी तेव्हा विचारले होते. त्यांना उत्तर देणे जमले नव्हते. आता ती पिढी नाही, आणि आमच्या चौघांतलाही एक नाही. तेव्हा निदान हिशेब तरी मांडून ठेवावा, असे वाटते.

चौघांची ओळख नावाने करून देण्याची गरज नाही. आपापसांत आम्ही टोपणनावांनीच ओळखले जात असू. शेतकी महाविद्यालयात शिकणारा तो 'शेतकी'. घरी गुरुजी येत आणि ज्याच्या गळ्यावर यमन-भूप बसवला जात होता तो 'गवई'. कॅसेटी सांभाळणारा, त्यांवर स्वच्छ अक्षरांत नावे घालणारा आणि पुढे खरोखरच बँकेत लागलेला तो 'खजिनदार'. आणि हरलेली बाजू हौसेने लढवणारा तो 'वकील'. तोही पुढे काळा कोट चढवून न्यायालयात उभा राहिला. हे टिपण लिहिणारा यांपैकी कोण, हे सांगून काही साधणार नाही. जे लिहितो आहोत ते चौघांचे आहे.

आता बँडविषयी. जेथ्रो टल हे मुळात एका शेतकरी गृहस्थाचे नाव. १६७४ ते १७४१ या काळात इंग्लंडात होऊन गेलेल्या या माणसाने अठराव्या शतकाच्या आरंभी ओळीने बी पेरणारे यंत्र तयार केले. आपल्याकडील पाभरीचे ते विलायती भावंड म्हणावे. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी लंडनच्या क्लबांत वाजवणारी काही तरुण मुले, एकदा नापसंत ठरल्यावरही पुन्हा बोलावणे यावे म्हणून, दर काही दिवसांनी बँडचे नाव बदलीत असत. त्यांचे कार्यक्रम ठरवणाऱ्या कचेरीत इतिहास शिकलेला कोणी होता. त्याने हे नाव सुचवले, आणि त्या नावावर असताना क्लबाने पुन्हा बोलावल्यामुळे ते कायमचे चिकटले. १९६८ साली निघालेल्या पहिल्या छोट्या तबकडीवर मात्र ते 'जेथ्रो टो' असे छापले गेले.

बँडचा मुख्य माणूस इयन अँडरसन. जन्म १९४७, स्कॉटलंडमधील डनफर्मलिन या गावी. गिटारवर एरिक क्लॅप्टनची बरोबरी आपल्याला साधणार नाही असे वाटून त्याने १९६७ साली गिटार देऊन टाकली आणि मोबदल्यात आलेल्या वस्तूंत एक बासरी घेतली. आपली बांबूची नव्हे, कळा असलेली धातूची. शिकवायला कोणी नव्हते. फुंकता फुंकता गुणगुणणे, हुंकारणे, मध्येच एका पायावर उभे राहणे, असा त्याचा ढंग बनला आणि जगभर गाजला. १९९० च्या दशकाच्या आरंभी मुलगी शाळेत बासरी शिकू लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आले की कित्येक सुरांवर आपली बोटे चुकीची पडत आहेत. चाळिशी उलटलेल्या त्या जगप्रसिद्ध माणसाने मग पुन्हा पहिल्यापासून बोटे बसवली. ही हकीकत गवयाला फार आवडे. आमच्या गुरुजींना हा माणूस पसंत पडला असता, असे तो म्हणे.

किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस यांच्याबरोबर टलचे नाव 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या प्रवाहात घेतले जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात सुरू झालेल्या या प्रवाहाने तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली. लांबलचक रचना, विषम मात्रांचे ठेके, पाश्चात्त्य अभिजात संगीतातली आणि जॅझमधली बांधणी, आणि संपूर्ण अल्बमभर पसरलेले एखादे सूत्र, ही त्याची लक्षणे. अर्थात टल खरोखर या प्रवाहातले की नुसते त्याच्या काठाने चालणारे, हाही एक वादच आहे.

आमच्यापर्यंत हे संगीत १९८२ सालापासून पोचू लागले. एकाचा आतेभाऊ दादरला राहत असे. तो मित्रांकडच्या तबकड्या कोऱ्या कॅसेटींवर उतरवून इंदूरला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवी. त्याला जी तबकडी मिळेल ती आम्हांला मिळे. त्यामुळे १९७८ चा 'हेवी हॉर्सेस' आधी आला, मग सात वर्षे मागे उडी घेऊन १९७१ चा 'ॲक्वालंग', मग १९७३ चा 'अ पॅशन प्ले', त्यानंतर १९७२ चा 'थिक ॲज अ ब्रिक' आणि सरतेशेवटी १९६९ चा 'स्टँड अप'. इंग्लंडातल्या श्रोत्यांनी हा बँड जन्मापासून वाढताना पाहिला. आम्ही एखाद्या कुटुंबाच्या घरात मध्यरात्री शिरून कोण थोरले, कोण धाकटे याचा अंदाज बांधावा तसा तो ओळखत गेलो. कॅसेटीबरोबर वेष्टन नसे, चित्र नसे, गीतांचे शब्द नसत. वादाला पुरावा म्हणून केवळ कान होते.

आलेली कॅसेट आठवडा-आठवडा एकेकाने घरी न्यायची, असा नियम होता. योगायोगाने ज्याच्या आठवड्यात जो अल्बम प्रथम आला, तो त्याचा झाला. शेतकीचा 'हेवी हॉर्सेस', खजिनदाराचा 'ॲक्वालंग', गवयाचा 'थिक ॲज अ ब्रिक', वकिलाचा 'अ पॅशन प्ले'. आमची सगळी सौंदर्यदृष्टी, जिच्या समर्थनार्थ आम्ही पुढे रात्री जागवल्या, ती एका आतेभावाच्या सोयीने ठरली होती, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. माणसाचा गाव आणि मातृभाषासुद्धा कोणाच्या तरी सोयीनेच ठरते; म्हणून त्यांवरचे प्रेम खोटे ठरत नाही.

पहिला मोठा वाद 'ॲक्वालंग'चा. या अल्बमातले शीर्षकगीत एका बेघर, आजारी म्हाताऱ्याविषयी आहे. अँडरसनची तेव्हाची पत्नी जेनी हिने लंडनमध्ये टेम्स नदीकाठच्या बेघर लोकांची छायाचित्रे काढली होती; त्यांतून हे गीत सुचले आणि त्याच्या शब्दांत तिचाही वाटा आहे. तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर संघटित धर्मसंस्थेवर टीका करणारी काही गीते आहेत. या दोन टोकांमुळे समीक्षकांनी संपूर्ण अल्बमाला एकसूत्री कल्पनेचा अल्बम ठरवून टाकले. अँडरसन तेव्हापासून सांगत आला आहे की ही निरनिराळी गाणी आहेत, दोन-चारांचा विषय जवळचा आहे इतकेच. खजिनदाराचे म्हणणे, कर्त्याने स्वतः सांगितल्यावर प्रश्नच मिटला. वकिलाचे म्हणणे, आरोपीचा जबाब हा पुरावा असतो, निकाल नव्हे; रस्त्यावरचा म्हातारा आणि देवळातला देव एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर ठेवल्यावर ऐकणारा त्यांचा संबंध जोडणारच, आणि तो जोडण्याचा त्याला अधिकार आहे. आजही या दोहोंपैकी कोण बरोबर हे आम्ही ठरवू शकलेलो नाही.

समीक्षकांच्या त्या ठाम मताला अँडरसनने दिलेले उत्तर म्हणजे मार्च १९७२ मध्ये आलेला 'थिक ॲज अ ब्रिक'. तुम्हांला सूत्रच हवे ना, मग घ्या, अशा थाटाने त्याने सुमारे चव्वेचाळीस मिनिटांची एकच अखंड रचना दोन्ही बाजूंवर पसरून दिली. वेष्टन म्हणून बारा पानांचे एक काल्पनिक खेडवळ वृत्तपत्र छापले. गीताचे शब्द जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने लिहिलेल्या दीर्घकवितेचे आहेत आणि त्या मुलाचे बक्षीस काढून घेण्यात आले, अशी बतावणी त्यात होती. असा मुलगा अर्थातच नव्हता, पण पुष्कळांनी ते खरे मानले. त्या वर्षी अमेरिकेत हा अल्बम विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला.

आमच्या कॅसेटीची गंमत निराळीच होती. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची; दोन बाजूंत तोडलेली ती रचना आमच्याकडे एकाच बाजूत बसली. मध्ये वाऱ्यासारखा आवाज विरत जाई, 'खट्' असा एक हलका ध्वनी येई आणि संगीत पुन्हा उभे राही. तो 'खट्' म्हणजे दादरला आतेभावाने तबकडी उलटली तो क्षण होता. गवई त्याला गमतीने सम म्हणे. पुढे आम्ही मूळ तबकडी ऐकली, मग सीडी ऐकली. त्या जागी काही वाजले नाही की आम्हांला चुकल्यासारखे होई.

ही रचना थट्टा आहे की गंभीर कृती, यावर गवई आणि खजिनदार यांचे कित्येक वर्षे जमले नाही. खजिनदार म्हणे, कर्ता स्वतः विडंबन म्हणतो, मग तुम्ही तिला आरती का ओवाळता? गवई रचनेकडे बोट दाखवी. आरंभी साध्या गिटारवर आणि बासरीवर मांडलेली धून पुढे कशी वेगवेगळ्या लयींत, वेगवेगळ्या वाद्यांवर रूप पालटत येते आणि अखेरीस मूळ पदावर कशी उतरते, हे तो बोटांवर मोजून दाखवी. १९६९ च्या 'लिव्हिंग इन द पास्ट' या गाण्याच्या पाच मात्रा झपतालाच्या निम्म्या आहेत, हेही त्यानेच प्रथम ओळखले होते. आणि 'स्टँड अप'वरची बाखच्या ल्यूट सुइटमधली बुरे ऐकल्यावर, ही तर बंदिश मांडून विस्ताराला सोडलेली चीज आहे, असे तो म्हणाला होता. विडंबनाविषयी त्याचा युक्तिवाद आपल्याच घरातला होता. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'तली विडंबने ज्यांना पाठ आहेत, त्यांतल्या कितींना मूळ कविता आठवतात? हसण्यासाठी बांधलेले घर पक्के बांधले तर त्यात माणसे राहू लागतात.

आणि मग 'अ पॅशन प्ले'. जुलै १९७३ मध्ये आलेली ही रचनाही अखंड, पण तिच्यात थट्टेचा आधार नाही. त्या आधी फ्रान्समधील शातो देरूव्हिल या स्टुडिओत जवळपास तासाभराचे संगीत ध्वनिमुद्रित करून बँडने ते टाकून दिले होते. त्यांतली दोन गाणी तेवढी पुढे १९७४ च्या 'वॉर चाइल्ड'मध्ये आली. इंग्लंडात परतून घाईघाईने नव्याने रचलेल्या या कृतीचा नायक रॉनी पिल्ग्रिम आरंभीच मरतो. आपली अंत्ययात्रा तो पाहतो, त्याच्या आयुष्याचे चित्रण त्याला दाखवून जाब विचारला जातो, स्वर्ग त्याला मानवत नाही, नरकही नाही, आणि तो परत फिरतो. मध्येच चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट येते, तीही बँडमधल्या जेफ्री हॅमंडच्या आवाजात, बालनाट्यासारखी. अमेरिकेत हाही अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, पण समीक्षकांनी त्याचे वाभाडे काढले. त्याच सुमारास व्यवस्थापकाने, टीकेमुळे बँड मैफली थांबवणार असल्याचे जाहीर केले. अँडरसनने पुढे त्या घोषणेशी आपला संबंध नसल्याचे सांगितले.

आम्हां तिघांना हा अल्बम असह्य वाटे. सॅक्सोफोनचा गजबजाट, समजण्यापूर्वीच निसटणारे शब्द, आणि तो ससा! वकील मात्र एकटा उभा राही. त्याची बाजू अशी असे: चित्रगुप्ताच्या वहीची कल्पना ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांनी तरी या कथेला दुर्बोध म्हणू नये. मेलेल्या माणसाला सगळे एकदम कळेल, असे तुम्हांला का वाटते? तोही गोंधळलेलाच असणार, आणि हे संगीत त्या गोंधळाचे आहे. सशाच्या गोष्टीविषयी तो म्हणे, चष्मा हरवलेल्या सशाला मदत करायला निघालेले सगळे प्राणी शहाणपणाने बोलतात आणि कोणाचाच उपयोग होत नाही. शेवटी सशाकडे दुसरा चष्मा निघतो. सांत्वनाला येणारे लोक तुम्ही पाहिले आहेत ना? मग यात न समजण्यासारखे काय आहे? आम्ही हसत असू. २०१४ साली त्या टाकून दिलेल्या फ्रान्समधील ध्वनिमुद्रणासह अल्बमाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा वकिलाने ती मागवली आणि पुन्हा सुनावणी घेण्याची मागणी केली. ती आम्ही एकमताने फेटाळली.

शेतकीचा पक्ष सर्वांत शांत. १९७७ चा 'साँग्ज फ्रॉम द वुड', १९७८ चा 'हेवी हॉर्सेस' आणि १९७९ चा 'स्टॉर्मवॉच' ही तीन वर्षे म्हणजेच खरा टल, असे तो मानी. इंग्लंडच्या शहरांत पंक रॉकने धुमाकूळ घातला होता, लांब रचनांची टिंगल चालली होती, आणि हा माणूस लोकसंगीताच्या सुरावटींवर जंगल, सण, मांजर, उंदीर आणि नांगराचे घोडे यांविषयी गात होता. 'हेवी हॉर्सेस' ब्रिटनमधील कामाच्या देशी घोड्यांना आणि तट्टांना अर्पण केलेला आहे. ट्रॅक्टर आल्यावर शेतातून हद्दपार झालेल्या शायर आणि क्लाइड्सडेल जातींच्या घोड्यांचे ते गाणे आहे. ज्याच्या घरच्या दावणीची बैलजोडी त्याच वर्षांत विकली गेली होती, त्या मुलाला या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. शिवाय तो म्हणे, बाराशे मैलांचा वळसा घालून का होईना, बँड शेवटी ज्याचे नाव घेऊन फिरत होता त्या शेतकऱ्याच्या बांधावर आला.

यानंतरचा वाद सर्वांत कडू. नोव्हेंबर १९७९ मध्ये बँडचा बेस वाजवणारा जॉन ग्लॅस्कॉक हृदयविकाराने वारला. वय अवघे अठ्ठावीस. १९८० साली अँडरसनने स्वतःचा एकट्याचा म्हणून एक अल्बम करायला घेतला, पण ध्वनिमुद्रिका कंपनीच्या आग्रहाने तो 'ए' या शीर्षकाने टलच्याच नावावर निघाला. त्यात गिटारवादक मार्टिन बार होता. परंतु जॉन एव्हन, बॅरिमोर बार्लो आणि डेव्हिड पामर हे जुने साथीदार नव्हते, ते बँडबाहेर पडले. मग टल म्हणजे कोण? नाव, की माणसे? पहिल्या अल्बमाचा गिटारवादक मिक एब्रहम्स तर १९६८ अखेरच गेला होता. २०१२ पासून मार्टिन बारही नाही. आरंभापासून आजपर्यंत टिकलेला एकटा अँडरसन. खजिनदार म्हणे, खाते त्याच्या नावावर आहे, तो म्हणेल तो टल. गवई म्हणे, घराण्यात माणसे बदलतात, गायकी टिकली पाहिजे. शेतकी म्हणे, बियाणे तेच, जमीन बदलली की पीक बदलणारच.

हा वाद इतका कडू का झाला, याचे कारण आम्हांला फार उशिरा दिसले. आमची घराणी होळकरांच्या काळात माळव्यात आली. पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला कधी जुनाट म्हणत, कधी हिंदाळलेली. आमच्या बोलण्यातले काही शब्द तिकडे नाहीसे झालेले, काही माळवीतून आत आलेले. मूळ मंडळींपैकी कोणी नाही, वाडे नाहीत, दरबार नाही. तरी आम्ही त्याच नावाने स्वतःला ओळखतो आणि तिमाहीतून एकदा अशा अंकासाठी लिहितो. बँडमधली माणसे बदलली की नाव खोटे ठरते, असे कोणी म्हणाले की आम्ही का उसळत होतो, ते यावरून समजेल. १९८९ साली अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कारांत हार्ड रॉक आणि हेवी मेटलचा पहिलाच सन्मान मेटॅलिकाला डावलून टलच्या 'क्रेस्ट ऑफ अ नेव्ह'ला मिळाला तेव्हा सभागृहात नापसंतीचे सूर उमटले आणि टलपैकी कोणी तेथे हजरही नव्हते. बासरी वाजवणाऱ्यांना हेवी मेटलचे पारितोषिक, यावर जग हसले. आम्हांला मात्र आपल्या माणसाला चुकीच्या जातीचा दाखला मिळाल्यासारखे वाटले.

अँडरसनची बासरी भारताकडे वळत गेली होती. १९९५ च्या 'डिव्हिनिटीज' या त्याच्या बासरीच्या अल्बमात मुंबईचे नाव शीर्षकात असलेली एक धून आहे. पुढे अनुष्का शंकर यांच्यासह बँडचा भारतदौरा ठरला आणि २९ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईच्या कार्यक्रमाची तिकिटे आम्ही चौघांनी काढली. अवंतिका एक्स्प्रेसचे आरक्षणही झाले. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. कार्यक्रम रद्द झाला, आणि मग बळी पडलेल्यांच्या साहाय्यार्थ ५ डिसेंबरला तो नव्याने जाहीर झाला. जावे की न जावे यावर आमच्यात जे बोलणे झाले, ते वादाच्या सवयीतले नव्हते. शहर रडत असताना गाणे ऐकायला जाणे शोभत नाही, असे दोघांचे मत. घरच्यांचीही परवानगी नव्हती. वकील म्हणाला, शेजारी मयत झाली की आपण जातो, तिथे बोलायला काही नसते, तरी जातो. तो आणि खजिनदार गेले. परत आल्यावर कोणते गाणे कसे झाले, याविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. बासरी आणि सतार एकत्र वाजत असताना लोक फार शांत होते, एवढेच वकील म्हणाला. त्याच्याकडून ऐकलेली संगीतावरची ही एकच टिप्पणी होती जिच्यावर कोणी हरकत घेतली नाही.

२०१२ साली अँडरसनने 'थिक ॲज अ ब्रिक'चा दुसरा भाग काढला. आठ वर्षांच्या जेराल्ड बॉस्टॉकचे चाळीस वर्षांनी काय झाले असेल? लोभी बँकर, बेघर माणूस, युद्धावरचा शिपाई, ढोंगी धर्मोपदेशक, की कोपऱ्यावरचा साधा दुकानदार? पाचही शक्यता त्याने मांडून ठेवल्या. १९७२ साली आम्हीही आठ वर्षांचेच होतो, ही गोष्ट त्या दिवशी प्रथम ध्यानात आली. गवयाचे गाणे सुटून वीस वर्षे झाली होती. तो जीवशास्त्र शिकवत होता. शेतकी बियाण्यांच्या दुकानात बसत होता. खजिनदाराला बदलीच्या गावी कॅसेटी नेता आल्या नाहीत, त्या त्याच्या आईने माळ्यावर जपल्या. अल्बम मूळाच्या तोडीचा नाही, यावर आमचे चटकन एकमत झाले आणि मग कोणालाच काही बोलावेसे वाटेना. एकमत आमच्या बैठकीला मानवत नसे.

एप्रिल २०२१ मध्ये, त्या भयंकर लाटेत, वकील गेला. रुग्णालयात भेटता आले नाही, पोचवायलाही जाता आले नाही. तेराव्याला आम्ही तिघे आपापल्या घरून दूरध्वनीवर एकत्र आलो. काय बोलावे सुचेना. सांत्वनाची वाक्ये सगळ्यांनाच येत होती आणि कोणाचाच उपयोग नव्हता. मग गवयाने न विचारता 'अ पॅशन प्ले' लावला. चाळीस वर्षांत प्रथमच तो आम्ही आरंभापासून शेवटपर्यंत, मध्ये न हसता ऐकला. ससा आला तेव्हाही कोणी हसले नाही.

आमचे मत बदलले, असे लिहिले तर ते खोटे होईल. सॅक्सोफोन आजही अति वाटतो, आणि घाईत रचलेल्या कृतीची घाई जागोजागी ऐकू येते. परंतु वकिलाचा मुद्दा, की हे संगीत गोंधळलेल्या माणसाचे आहे, तो आता फेटाळता येत नाही. त्या दिवसापासून आम्ही एक व्यवस्था केली आहे. बैठकीत दर वेळी तिघांपैकी एकाने वकिलाची बाजू घ्यायची. पाळीपाळीने, मनापासून, जिंकण्यासाठी.

यात कामाची कमतरता पडली नाही. २००३ च्या नाताळच्या अल्बमानंतर इतकी वर्षे टलच्या नावावर स्टुडिओत केलेला नवा अल्बम निघाला नव्हता. तो वकील गेल्यावर नऊ महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, 'द झेलट जीन' म्हणून आला. २०२३ मध्ये 'रॉकफ्लूट' आला. मार्च २०२५ मध्ये 'क्युरियस रुमिनंट' आला; त्यात जवळपास सतरा मिनिटांची एक रचना आहे. त्या बैठकीला वकिलाची पाळी शेतकीची होती. लांब रचना त्याला कधीच रुचल्या नाहीत. तरी त्याने आठवडाभर ती ऐकली, कागदावर मुद्दे काढले आणि चष्मा लावून वाचले. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या आवाजात पूर्वीची झेप नाही, हे त्याने आधीच मान्य केले. पण ज्याला घाई करण्याचे कारण उरलेले नाही असा माणूस सतरा मिनिटे घेतो तेव्हा त्याला ती देणे हे आपले काम आहे, असे तो म्हणाला. खजिनदाराने लगेच हरकत घेतली. गवयाने दुसरी घेतली. चहा निवून गेला, आणि शेतकी हातातला कागद बाजूला ठेवून वकिलासारखाच बोट उगारून बोलू लागला.